आधी दशांश की हप्ता?

भाची : मावशी, ह्यांच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद झालाय. घराचा हप्ता पाच तारखेला जातो आणि पोरांची फी तोंडावर आलीये. अशात ह्यांनी मोबाइलवर कुणा प्रचारकाचा संदेश ऐकला, मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावरचा. आधी देवाला द्या, हात आखडू नका, मग देव तुमचं कर्ज फेडेल, असा. हे म्हणतात, या महिन्याचा हप्ता राहू दे, ते पैसे अर्पण करू. मी नको म्हटलं. तेव्हापासून जीव खातोय. माझाच विश्वास कमी पडतोय का गं?

मावशी : हप्त्याचे पैसे कुणाचे?

भाची : आमचे. ह्यांच्या पगारातले.

मावशी : खात्यात तुमच्या आहेत, पण सही करून ते दुसऱ्याला देऊ केलेत ना? मग ते अर्पणाला मोकळे नाहीत. मार्काच्या सातव्या अध्यायात काय आहे? आईबापांना जे द्यायचं ते देवाला वाहिलंय, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने चांगलंच सुनावलंय. देवाचं नाव पुढे करून माणसाचं देणं बुडवायला त्याचा विरोध आहे. हे मी बँकेतली नोकरी केली म्हणून म्हणत नाही.

भाची : आणि मंदिराच्या दानपेटीत टाकलेल्या त्या विधवेच्या दोन टोल्या? तिने तर होतं नव्हतं ते सगळं टाकलं. तिला कुणी हिशेब विचारला नाही.

मावशी : तिचं होतं ते तिने टाकलं. दुपटीने परत मिळेल असं आमिष तिला कुणी दाखवलं नव्हतं. आणि त्याच्या जरा वरची वचनं वाच. विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून सांभाळून राहा, असं येशू सांगतो, आणि लगेच ही विधवा येते. या दोन गोष्टी एकापाठोपाठ आल्यात, तो योगायोग आहे असं मला वाटत नाही.

भाची : पण आपल्याच लोकांनी असं केलंय की. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या शेकडो मुली आणल्या, तेव्हा त्यांच्याकडे कुठे पैसा होता? त्यांनी आधी बजेट मांडलं असतं तर मुक्ती मिशन उभं राहिलं असतं?

मावशी : रमाबाईंचं बरं काढलंस. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. ती मुदत 1898 मध्ये संपायची होती आणि 1896-97 च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतातून मुली घेऊन येत होत्या. मुदत संपल्यावर काय, याला माणसाजवळ उत्तर नव्हतं. त्या प्रार्थनेवर उभ्या राहिल्या, हे खरंच आहे. पण केडगावात त्यांनी काय काय केलं तेही बघ. विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण. प्रार्थना करून उठलेल्या बाईचे हात दिवसभर कामात होते. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. म्युलरने अनाथाश्रम चालवले, पण कुणापुढे हात पसरला नाही. विश्वासाचा एवढा मोठा माणूस, पण उधारीवर काही घ्यायचं नाही हा त्याचा नेम होता, आणि आलेल्या पै-पैचा हिशेब तो छापून लोकांपुढे ठेवायचा.

भाची : आणि टिळक?

मावशी : त्यांनी स्वतःचा पगार सोडला. तुम्ही बँकेचा हप्ता सोडायला निघालात. शिवाय 'स्मृतिचित्रे' वाच. टिळकांचा हात सढळ, पैसा घरात टिकायचा नाही आणि प्रपंच ओढायच्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. टिळकांबद्दल मला आदर आहे, पण घरातल्या दुसऱ्या माणसाच्या जिवावर केलेला त्याग मला अर्धाच वाटतो. तुझं 'नको' मोजायलाच हवं.

भाची : म्हणजे हप्ता भरायचा. हे तर कुठल्याही बँकेतलं माणूस सांगेल. मग प्रभूचं काय काम? मला रात्री तीनला जाग येते, मावशी. छातीत धडधडतं. मी प्रार्थना करते आणि मध्येच आकडे सुरू होतात.

मावशी : (थोडं थांबून) राजांच्या दुसऱ्या पुस्तकातली तेलाची गोष्ट आठवते? नवरा गेलेला, सावकार दोन्ही पोरांना गुलाम करायला टपलेला. ती बाई अलीशा संदेष्ट्याकडे येते. तो आधी विचारतो, तुझ्या घरात काय आहे? तेलाची एक कुपी. मग म्हणतो, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडी नको आणूस. विचार कर, दारोदार भांडी मागायची म्हणजे गावाला कळणारच की हिच्या घरात काहीतरी झालंय. इतके दिवस तिने ते झाकलं असेल. चमत्कार नंतर झाला, आधी ही लाज सोडावी लागली. आणि तेल भरल्यावर तो काय सांगतो? विक, देणं फेड, उरेल त्यावर पोरांना घेऊन जग. आधी देणं, मग उरलेलं.

भाची : मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

मावशी : तेच तुला रात्री उठवतंय. पैशाची काळजी आकड्यांपुरती राहत नाही. थकलेल्या हप्त्यावरून आपली किंमत ठरते, असं ती मनात भरवते. मग माणूस तोंड लपवतो, पासबुक उघडत नाही, आणि कुणी झटपट सुटका दाखवली की तिकडे धावतो. तुझ्या नवऱ्याचं तेच झालंय, तो लोभी नाही, घाबरलाय. तुझी किंमत ज्याने ठरवली त्याने ती क्रुसावर ठरवली, ती कुठल्याही वसुलीवाल्याला कमी करता येत नाही. हे खरं मानलंस तर तुला हिशेबाची वही उघडता येईल. प्रभूचं काम तिथे आहे.

भाची : आणि तरी पैसे कमी पडले तर?

मावशी : पडतील. पडणार नाहीत असं वचन मी देणार नाही, शास्त्रही देत नाही. अंजिराला फुलं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी आनंद करीन असं हबक्कूक म्हणतो. पौलाने भरल्या पोटी आणि उपाशी पोटी राहायला शिकलो असं लिहिलं, तेही तुरुंगातून. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो त्या दिवसापुरता. उद्यासाठी साठवला त्यात किडे पडले. पण रोज सकाळी उठून तो वेचावा लागायचाच. उद्याची धास्ती देवावर सोड, आजचं वेचणं तुझं तुला करायचंय.

भाची : मग दशांश बंदच करायचा?

मावशी : बंद नको. देणं थांबलं की भीती हाताची मूठच उघडू देत नाही. देणी आणि पोरांचं खाणं बाजूला काढून जे उरेल त्यातून द्या, दहा रुपये असले तरी. आणि पाच तारखेच्या आत दोघं मिळून शाखेत जा. हप्ता थकण्याआधी गेलेल्या कर्जदाराला मुदत वाढवून मागता येते, थकल्यावर तेच अवघड होतं. उद्या वेळ आलीच, तर वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हेही ठाऊक असू दे. रविवारी उपासना झाली की पाळकांना सांग, महिला मंडळात सांग. मंडळीतल्या बाईची भांडी रिकामी आहेत हे मंडळीला कळू दे. आणि त्या प्रचारकाने खाते क्रमांक दिला असेल, तर त्यावर एक रुपयाही पाठवू नका.