नागा मिरचीचा वास

मिरची दिसली की आपला प्रश्न ठरलेला : किती तिखट? ईशान्येकडच्या भूत जोलोकियाला तर या प्रश्नापलीकडे कुणी काही विचारलंच नाही. २००७ मध्ये जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून ‘गिनीज’ने तिची नोंद केली, तिखटपणा दहा लाख स्कोव्हिलच्या वर. चारच वर्षांत तो मान दुसऱ्या मिरच्यांनी पळवला. २०२३ पासून तो अमेरिकेत संकरातून तयार केलेल्या ‘पेपर एक्स’कडे आहे, सव्वीस लाखांहून जास्त. नागालँडच्या डोंगरउतारावरच्या झूम शेतात आणि चुलीवरच्या डुकराच्या मटणात मात्र भूत जोलोकियाची जागा होती तिथेच आहे. तिथे तिला राजा मिरची म्हणतात. ‘नागा मिरचा’ या नावाने २००८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आपल्याकडे गच्चीवर ती येते, पण नखरे करत. बी रुजायलाच कधी कधी महिना घेते. तोवर बाजूच्या कुंडीतली लवंगी चार-सहा पानांवर आलेली असते. एप्रिल-मेच्या झळांत कळ्या टपाटप गळतात. ओल्या, ढगाळ मुलखातलं झाड ते, दुपारची सावली मागणारच. पावसाची हवा लागली की मग फळ धरतं.

फळ बोटभर, अंगावर पुरळ उठल्यासारखं खडबडीत, साल पातळ. एरवी तिखटपणा बियांभोवतीच्या पांढऱ्या शिरांत असतो, म्हणून भरल्या मिरचीसाठी आपण बिया-शिरा काढून टाकतो. इथे ती युक्ती चालत नाही. हिच्या सालीच्या आतल्या बाजूलाही तिखटाच्या बारीक बारीक पुटकुळ्या असतात. उभी चिरली की आतून तेलकट चकाकते. हातमोजे घालूनच चिरावी.

आणि चिरताक्षणी वास येतो. गोडसर, पिकल्या फळाचा. आपल्या लवंगीला किंवा ज्वालाला हा वास नाही. माझ्या लेखी मिरची लावण्याचं खरं कारण हेच. कॅमेऱ्यासमोर अख्खी मिरची चावून घाम गाळणाऱ्या मंडळींना तो आला असेल, असं मला वाटत नाही. जीभ पेटल्यावर वासाकडे लक्ष कुणाचं जाणार?

मी अख्खी, न चिरलेली मिरची उकळत्या वरणात जराशी बुडवते आणि देठाला धरून बाहेर काढते. वरणाला वास लागतो, तिखट बेतानेच उतरतं. मिरची फुटली तर त्या दिवशी वरण कुणी खात नाही, तो भाग वेगळा. ठेच्यात मात्र नखाएवढी फोड, भरपूर लसूण आणि भाजलेले दाणे. पहिला घास निमूट उतरतो. तिखट मागाहून घशातून वर चढतं. पाण्याने ते विझत नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. भाकरीशेजारी दह्याची वाटी आधीच भरून ठेवावी.

एवढ्याशा वापरात एका झाडाच्या मिरच्या घरात सरता सरत नाहीत. शेजारी द्याव्यात तर ‘भूत’ ऐकूनच लोक दार ओढून घेतात. हल्ली मी ‘राजा मिरची’ म्हणूनच देते आणि नखाएवढीच घाला, हे दोनदा बजावते.