हेतू नसलेल्या धुराचा दोष

मनात नसताना हातून घडलेल्या हिंसेचा दोष लागतो का, यावर बौद्ध आणि जैन यांचा वाद फार जुना आहे. मज्झिमनिकायातल्या उपालि सुत्तात तो समोरासमोर येतो. निगंठ, म्हणजे जैन श्रमण, म्हणतात, कायेने केलेले कर्म सर्वांत भारी. बुद्ध म्हणतात, मनाने केलेले. बुद्धांची बाजू आपल्याला चटकन पटते. पण मोटारीच्या इंजिनावरच्या पीसीव्ही व्हॉल्व्हचा विचार करू लागलो की ही कसोटी अपुरी पडते, असे माझे मत आहे.

पिस्टनच्या रिंगा कितीही चोख बसवल्या तरी सिलिंडरमधला थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्यात न जळलेले पेट्रोल असते, पाण्याची वाफ असते. पूर्वी तो उघड्या नळीने सरळ रस्त्यावर सोडत. 1950 च्या दशकात कॅलटेकचे आरी हागेन-स्मिट यांनी लॉस एंजेलिसवरच्या धुरक्याचे रसायन उलगडले: न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. मग क्रँककेसमधला हा वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इंजिनात ओढून जाळण्याची सोय कॅलिफोर्नियातल्या नव्या मोटारींत 1961 च्या मॉडेलपासून आणि उरलेल्या अमेरिकेत 1963 पासून आली. त्याआधी गाडी हाकणाऱ्या कोणाच्याही मनात शेजाऱ्याचे डोळे चुरचुरावेत असे नव्हते. हेतू पाहिला तर सगळे शहर निर्दोष, आणि डोळे तर चुरचुरतच होते.

रोजच्या कामातून अटळपणे होणारी हिंसा आपल्या परंपरेला ठाऊक होती. मनुस्मृती गृहस्थाच्या घरातली अशी पाच ठिकाणे मोजते: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. उपाय म्हणून ती रोजचे पाच महायज्ञ सांगते. हिंसा टळत नाही हे प्रांजळपणे मान्य केले आहे, पण अतिथीला जेवू घातल्याने केरसुणीखालची मुंगी वाचत नाही. भरपाई दुसरीकडेच होते. जैनांचे तत्त्वार्थसूत्र अधिक नेमके बोलते. प्रमादातून, म्हणजे बेसावध वागण्यातून, झालेला प्राणघात ही त्याची हिंसेची व्याख्या. येथे दोष हेतूत नाही आणि नुसत्या परिणामातही नाही; जे पाहता आले असते ते न पाहण्यात आहे. 1950 चा मोटारवाला या कसोटीवर सुटतो, आजचा सुटत नाही.

कारण पाहायचे फार थोडे असते. इंजिन आयडलिंगवर ठेवून व्हॉल्व्ह कव्हरच्या रबरातून उपसायचा आणि तोंडावर बोट धरायचे. ओढ जाणवली पाहिजे. मग इंजिन बंद करून तो काढून हलवायचा. आतला खटका खुळखुळला पाहिजे. (खुळखुळतो म्हणजे स्प्रिंग शाबूत आहेच असे नाही, म्हणून जुना झाला की बदललेला बरा. काही नव्या गाड्यांत तो कव्हरातच असतो, तिथे हा उपाय नाही.) व्हॉल्व्ह तुंबला की क्रँककेसमध्ये दाब वाढतो, सीलमधून तेल पाझरते, आत गाळ धरतो, उघडाच अडकला तर आयडलिंग बिघडते.

एका गाडीच्या धुराने काय होणार, हा पहिला आक्षेप. पण ते धुरके एकेका गाडीचेच होते. दुसरे कोणी ते आणून सोडले नव्हते. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हे कंपन्यांचे आणि सरकारचे काम. खरे आहे. धूर रोखणारी साधने संगनमताने लांबवल्याचा खटला अमेरिकेच्या न्याय खात्याने 1969 मध्ये तिथल्या बड्या मोटार कंपन्यांवर भरला आणि त्याच वर्षी तो तडजोडीने मिटला. पण कंपनीचा भार मोठा ठरल्याने मालकाचा नाहीसा होत नाही. तिसरा आक्षेप असा की लोक व्हॉल्व्ह बदलतात ते इंजिन वाचवायला, यात धर्म कुठला? पुण्याचा प्रश्न असेल तर नाहीच. प्रमादाची कसोटी मात्र पुण्य मोजत नाही, लक्ष होते की नव्हते एवढेच विचारते. म्हणूनच भाड्याची टॅक्सी चालवणाऱ्याला ती तितकी लागू होत नाही. त्याला बॉनेट उघडायची मुभा नसेल तर दोष गाडीच्या मालकाकडे जातो, आणि तो त्या गाडीत कधी बसलेलाही नसेल.