संघ कुणाचा, ऋण कुणाचे

लान्सँटफ्रेड हे वेल्समधले, इंग्लंडच्या सीमेलगतचे हजार-दीड हजार वस्तीचे खेडे. १९५९ मध्ये तिथे गावाच्या नावाने फुटबॉल संघ उभा राहिला आणि १९९६ मध्ये त्याने बॅरी टाउनला पेनल्टींवर हरवून चक्क वेल्श चषक जिंकला. त्याच सुमारास जवळच्या ऑस्वेस्ट्री शहरातली ‘टोटल नेटवर्क सोल्यूशन्स’ ही संगणक कंपनी प्रायोजक म्हणून आली. कंपनीचे नाव आधी गावाच्या नावाला जोडले गेले आणि लवकरच गावाचे नाव गळून पडले. २००३ मध्ये डबघाईला आलेला ऑस्वेस्ट्री टाउन हा जुना क्लब या संघात विलीन झाला. कंपनी विकली गेल्यावर २००६ मध्ये संघ ‘द न्यू सेंट्स’ झाला आणि २००७ मध्ये त्याचे मैदानही ऑस्वेस्ट्रीत, म्हणजे इंग्लंडमध्ये गेले. खेळतो मात्र तो आजही वेल्सच्याच लीगमध्ये, आणि बहुतेक वर्षी जिंकतो. इकडे गावाने २००७ मध्येच नवा संघ काढला आणि खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली. १९९६ चा चषक जिंकणारा संघ यांपैकी कोणता? नोंदणीचे कागद पाहिले तर उत्तर सोपे आहे. पण कागद ज्याचे उत्तर देतात तो प्रश्न वेगळा. सगळे बदलत असताना ‘तेच’ म्हणून काय उरते, हा धर्मचिंतनातला फार जुना प्रश्न आहे, आणि एका खेड्याच्या क्लबमध्ये तो जितका उघडा दिसतो तितका देह-आत्म्याच्या चर्चेत क्वचितच दिसतो.

या प्रश्नावर ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथाइतका स्वच्छ विचार मला दुसरीकडे आढळत नाही. ग्रीक राजा मिलिंद रथातून येतो. भिक्खू नागसेन त्याला विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ हे केवळ व्यवहाराचे नाव ठरते. क्लबला हे तंतोतंत लागू पडते. खेळाडू दहा वर्षांत बदलतात, मैदान बदलते, जर्सीचा रंग बदलतो, नावही बदलते. क्लबचा आत्मा म्हणून वेगळे काही शोधून सापडत नाही. इथवर येऊन बरेच जण थांबतात आणि म्हणतात, मग वाद कशाला? सगळीच नावे व्यवहाराची असतील तर नव्या मालकाचे नाव जुन्याइतकेच खरे. पण नागसेन तिथे थांबलेला नाही. त्याच संवादात आंबे चोरणाऱ्या माणसाचा दाखला येतो. चोर म्हणतो, मालकाने जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी झाडावरून तोडला तो वेगळा, मग माझा गुन्हा कसला? राजाच उत्तर देतो की चोर दोषीच, कारण हा आंबा त्या आंब्यातूनच आला. आत्मा नसला तरी उत्तरदायित्व असते. माझे म्हणणे याच टोकाला धरून आहे: संस्था ‘तीच’ राहते की नाही, हे तिच्यात काय टिकले यावरून ठरत नाही, तिने आधीच्यांचे देणे अंगावर घेतले की नाही यावरून ठरते. आपल्या परंपरेने माणसाला जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी मानले. ते ऋण कुणी मागून घेतलेले नसते, आणि ज्याचे घेतले त्याला थेट परत करता येत नाही. ते पुढच्या पिढीला द्यावे लागते. खेड्याचा क्लब याच रीतीने जगतो.

कोल्हापूर हे याचे मराठी मुलखातले सर्वांत ठळक उदाहरण. तिथले बहुतेक नावाजलेले फुटबॉल संघ मुळात तालमी किंवा पेठेची तरुण मंडळे: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ. तालमीत मारुती असतो, लाल माती असते, गणेशोत्सव तिचाच असतो. संस्थानी काळात राजघराण्याच्या आश्रयाने फुटबॉल इथे रुजला, १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, आणि पेठेने कुस्तीइतक्याच हक्काने हा साहेबी खेळ आपलासा केला. शाहू स्टेडियमवर साखळी सामन्याला जी गर्दी लोटते ती पाहिली की या संघांचे मोल बक्षिसाच्या रकमेत नाही, हे कळते. आता इथेही बाहेरगावचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू पैसे देऊन आणले गेले आहेत. तरी पाटाकडीलला कुणी दुसऱ्याचा संघ म्हणत नाही. जिंकला-हरला तरी उत्तर पेठेत द्यावे लागते, पुढचा पोरगा त्याच गल्लीतून घडवावा लागतो. खेळाडू भाड्याचा असू शकतो, देणे भाड्याने देता येत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी आहे, आणि तो हलका मानता येणार नाही. पैसा आला नसता तर लान्सँटफ्रेडचा संघ गावच्या हिरवळीवरच विरून गेला असता. वरच्या लीगच्या अटी पुऱ्या करणारे मैदान खेड्याला परवडत नाही. पैशाने २००५ मध्ये लिव्हरपूलशी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत सामने झाले, २०१६ मध्ये सलग सत्तावीस विजयांनी आयाक्सचा १९७२ चा विक्रम मोडला, २०२४ मध्ये युरोपच्या कॉन्फरन्स लीगच्या मुख्य टप्प्यात जाणारा पहिला वेल्श क्लब तोच ठरला. हे सारे खरे, आणि त्यासाठी राबलेल्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण आंब्याचा दाखला इथेच लागू होतो. युरोपात खेळण्याची पहिली संधी खेड्याने १९९६ च्या चषकातून मिळवली होती. त्या झाडाला लागलेली फळे खाणारा, लावणाऱ्याशी माझा संबंध नाही, असे म्हणू शकत नाही. पैसा घेणे हा दोष नव्हे. गावाशी हिशोब मिटला असे समजणे, हा दोष.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. ऋणाची ही भाषा शेवटी जन्माची भाषा आहे. पेठेत जन्मला म्हणून पेठेचा. उद्या हीच भाषा जातीत आणि धर्मात उतरेल, आणि आपल्या इतिहासात ती उतरलेली आहेच. कोल्हापुरात समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी स्पर्धा थांबवाव्या लागल्या आहेत, हेही विसरता येत नाही. मात्र त्याच शहरातल्या बाबूजमाल तालमीत गणपती आणि मोहरमचा पंजा एकाच छताखाली बसतात. जन्माने माणसे विभागली जातात, पण एका जागेचे देणे वेगवेगळ्या जन्मांच्या माणसांना एकत्र बांधू शकते, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहे. दुसऱ्या पेठेचा द्वेष हा ऋणाचा भाग नाही. तो ऋण फेडायचे सोडून हक्क सांगू लागलेल्या माणसाचा विकार आहे. ज्याला आपले देणे कळते, त्याला शेजारच्या तालमीलाही तसेच देणे आहे हे कळायला हवे.

धर्माच्या चर्चेत फुटबॉल कशाला, असे कुणाला वाटत असेल तर १८९७ मधली विवेकानंदांची मद्रासची व्याख्याने आठवावीत. गीता वाचण्यापेक्षा फुटबॉल खेळून तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, असे त्यांनी तिथल्या तरुणांना बजावले. त्यांचा रोख बळकट शरीरावर होता. माझा रोख ऋणावर आहे, म्हणून मला त्याच शहराच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, उत्तर टोकाशी असलेले एन्नोर यात जोडावेसे वाटते. उत्तर चेन्नई हा फुटबॉलवेडा भाग, आणि एन्नोर ही त्याच्या टोकाची कोळ्यांची गावे, कोसस्थलैयार नदीच्या खाडीवर जगणारी. १९७० मध्ये तिथे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले, २००१ मध्ये बंदर. केंद्र २०१७ मध्ये बंद पडले. राख खाडीत राहिली. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात तेल वाहून आले आणि जाळी, होड्या, कांदळवने काळी पडली. इथे गावकरी जागा सोडून कुठे गेलेले नाहीत, नावही पुसलेले नाही, फक्त ज्या पाण्यावर गाव गाव होते ते पाणी गेले. लान्सँटफ्रेडचा संघ गावातून निघून गेला. एन्नोरमध्ये गावाच्या पायाखालून गाव निघून गेले. शहराला मिळालेली वीज हा या खाडीत लावलेला आंबा आहे, म्हणून चेन्नईचा दिवा लावणाऱ्या प्रत्येकाचे नाव या हिशोबात येते. २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठाने राखेच्या प्रदूषणाची जबाबदारी वीज कंपनीवर टाकली, तेव्हा कायद्याने नागसेनाच्या राजासारखाच निवाडा केला. निवाड्याने खाडी साफ होत नाही. राख उपसायची आहे, कांदळवन पुन्हा लावायचे आहे, आणि ते होईपर्यंत तिथल्या मुलांच्या खेळाच्या जागेला शहराने हात लावायचा नाही.