ढोलकवाल्याला जयभीम

मांडववाल्याला तुम्ही पैसे देता. लाऊडस्पीकरवाला तर आगाऊ घेतो. गायकाची सुपारी ठरते, घासाघीस करून का होईना. आणि मागे बसून ढोलकावर बोटं फोडून घेणाऱ्या पोराला? त्याला जयभीम. वर एक कप चहा.

मी ते पोर होतो. वडनेरचा. हिंगणघाट तालुक्यातलं हमरस्त्यावरचं गाव, म्हणून पार्टीची गाडी मला अर्ध्या रात्री रस्त्यावर उतरवून पुढे निघून जायची. चौदा एप्रिलपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत आमची सुगी. असे तीन हंगाम मी एका गायन पार्टीत फुकट वाजवलं. पार्टीप्रमुखाचं नाव घेत नाही. माणूस वाईट नव्हता. त्यानं मला ठेका शिकवला, फी घेतली नाही. पैशाचं काढलं की म्हणायचा, "शिकून राह्यला ना बे तू? मंग?" पुन्हा काढलं की, "बाबासाहेबाच्या कामाचे पैशे मांगतं?"

बाप म्हणाला, "आपल्या बुढ्यानं पाटलाच्या दारात डफडं वाजवलं, भाकरीवर. ते सोडलं तवा माणूस झालो. तू काऊन परत बसला वाजवाले?" मला राग आला. डफडं आणि ढोलक एक कसं? तिथं जात वाजवायला लावत होती, इथं मी माझ्या मनानं वाजवतो. हे खरंच आहे. पण भाकरीवरचा हिशेब दोन्हीकडे तोच, ते बापाला दिसलं.

एकलव्याची गोष्ट आपल्याला तोंडपाठ. पण द्रोणाला शिव्या देणं सोपं आहे, त्यानं शिकवलंच नव्हतं. जो खरोखर शिकवतो, आपल्यातलाच आहे, स्वतः कर्जात आहे, आणि तरी घेतो, त्याचं काय करायचं?

दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात बुद्धानं सहा दिशा सांगितल्या. दक्षिण दिशा आचार्यांची. खालची दिशा नोकर-कामकऱ्यांची. देणं-घेणं दोन्हीकडे दुतर्फा. शिष्यानं उठून मान द्यावा, सेवा करावी. आचार्यानं शिल्प पूर्ण शिकवावं, शिष्याबद्दल मित्रमंडळीत चांगलं बोलावं. मालकानं ताकद पाहून काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारात बघावं, वेळेवर सुट्टी द्यावी. आता सांगा, शिकाऊ पोरगं कुठल्या दिशेला बसतं? आमचा प्रमुख सोयीनं बसवायचा. सेवा घेताना तो आचार्य, राबवताना मालक. शिल्प पूर्ण द्यायची वेळ आली की चांगले तोडे राखून ठेवायचा, आणि वेतनाची वेळ आली की पुन्हा आचार्य.

कारखान्यात फिटरचं काम शिकणाऱ्या पोराला 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानं विद्यावेतन मिळतं. तोही शिकतोच आहे. तरी मिळतं, कारण शिकता शिकता तो काम करतो. गायन पार्टीकडे हा कायदा कधी फिरकला नाही.

माझ्यापुरतं मी असं ठरवलं. दुपारी प्रमुखाच्या ओसरीवर बसलो ती दक्षिण दिशा, तिथं देणेकरी मी. रात्री सुपारीवर बसलो ती खालची, तिथं देणेकरी तो. स्टेजवरही शिकायला मिळतं, कबूल. दुय्यम सामन्यात समोरची पार्टी चाल बदलते तेव्हा जे कळतं, ते ओसरीवर कळत नाही. म्हणून पोराला पाव वाटा द्या. शून्य कसं काय? आणि माइकवर नाव पुकारून आलेली बक्षिसी? ती कितीदा तरी पोराच्या ठेक्यावर आलेली असते.

उरला त्याग. वामनदादा कर्डक (1922–2004) जन्मभर गावोगाव गात फिरले. त्यांचं नाव आपण पोरांच्या तोंडावर फेकतो. पण दादांनी त्याग स्वतःचा केला. दुसऱ्याच्या पोराचा त्याग वर्गणीच्या बैठकीत कोण ठरवतं? तुम्ही आणि मी.

मी म्हणतो, कारण आता मीही चार माणसं घेऊन गातो. परवाच्या बुद्धपौर्णिमेला कार्यक्रम आटोपून पहाटे वडनेरला उतरलो. खंजिरीवर बसणारं पोरगं म्हणालं, "दादा, माहे किती झाले?" आणि माझ्या तोंडून निघालं, "शिकून राह्यला ना बे तू?"

ते काही बोललं नाही. खंजिरी काखेत मारून चालू लागलं. मी हाक मारली, परत बोलावलं. दोनशे दिले. सुपारी साडेतीन हजारांची होती, गाडीभाडं वेगळं मिळालं होतं, आणि आम्ही माणसं पाच.