प्रसादाला ‘नको’ म्हटलं, तर देवाला ‘नको’ म्हटलं का?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ७ ते १०. विषय आहाराचा. सात्त्विक, राजस आणि तामस.

हे श्लोक आपल्यातल्या बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेले असतात. शाळेच्या गीतापठणात, नाहीतर एखाद्या रीलमध्ये. आणि ऐकता ऐकता डोक्यात एक यादी तयार होते. दूध, तूप, फळं, पालेभाज्या सात्त्विक. मिरची, लोणचं राजस. शिळंपाकं तामस. यादी पाठ झाली की विषय संपला असं वाटतं.

आज हे श्लोक पुन्हा सावकाश वाचा. त्यांत एकाही पदार्थाचं नाव नाही. दूध नाही, केळं नाही, कांदा-लसूणही नाही. भगवंत सांगतात ते अन्नाचे गुण आणि त्याचे परिणाम. सात्त्विक आहार कोणता? ज्याने आयुष्य, मनाचं सत्त्व, बळ, आरोग्य, सुख आणि प्रसन्नता वाढते तो. या सहांत ‘आरोग्य’ हा शब्द सरळ सरळ आलाय. राजस आहाराच्या श्लोकात ‘अति’ असा शब्द आहे, आणि शंकराचार्य भाष्यात सांगतात की तो तिखट, आंबट, खारट अशा सगळ्यांनाच लावून घ्यायचा. म्हणजे मीठ राजस नाही, अति मीठ राजस. आणि अति किती, हे ताटावरून कळत नाही. ते खाणाऱ्यावरून ठरतं.

म्हणजे ती यादी गीतेची नाही. ती आपण केली.

इथून एक अवघड प्रश्न निघतो. जो पदार्थ माझं आरोग्य वाढवतो, तोच शेजारी बसलेल्याचं आरोग्य बिघडवत असेल, तर त्याच्या ताटात तो सात्त्विक राहतो का? आणि तो पदार्थ देवाचा प्रसाद असेल तर?

हा प्रश्न मी हवेत काढलेला नाही. आपल्या रोजच्या, अगदी पवित्र मानलेल्या पदार्थांची तीनच उदाहरणं घेऊ.

पहिलं: प्रसादाचा शिरा. रवा म्हणजे गहू. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिअ‍ॅक नावाचा आजार ज्यांना आहे, त्यांच्या शरीरात ग्लूटेन गेलं की त्यांचीच प्रतिकारशक्ती त्यांच्या लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे बारीक केसांसारखे उंचवटे झिजून सपाट होतात, आणि माणूस खाऊनपिऊन उपाशी राहतो.

हे कळायला जगाला फार वेळ लागला. १९२४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास अशा खंगलेल्या मुलांना केळ्यांवर ठेवू लागले. मुलं सुधारायची, म्हणून केळ्यातच काहीतरी खास आहे असं वाटलं. खरं कारण वेगळं होतं. केळी खाताना मुलांचा पाव सुटला होता. नेदरलँड्समधले डॉक्टर विलेम डिके यांना गव्हाचा संशय दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेना, लोक ट्युलिपचे कंद खाऊन दिवस काढत होते. त्या दिवसांत ही आजारी मुलं मात्र सुधारताना दिसली. मदतीचा पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध मांडला.

विचार करा, उपासमारीत पाव हेच प्राणरक्षण. आणि काही मुलांसाठी तोच पाव आजाराचं मूळ.

इथे मात्रेचा हिशोबही कामी येत नाही. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणायला अन्नात किलोमागे फार तर २० मिलिग्रॅम ग्लूटेन चालतं. बाजारातल्या हिंगात अनेकदा मैदा मिसळलेला असतो, त्यामुळे साधं वरणसुद्धा अशा माणसाला विचारून घ्यावं लागतं. आपण जे म्हणतो ना, “अगदी कणभर घे, प्रसाद आहे”, तो कणसुद्धा इथे जास्तच असतो.

दुसरं: केळी आणि शहाळं. देवापुढची केळी, नंतर आजाऱ्याला दिलेलं शहाळं. याहून सात्त्विक काय असणार? पण एका मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि एका शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅमच्या पुढेही असू शकतं. आपली मूत्रपिंडं जास्तीचं पोटॅशियम गुपचूप बाहेर टाकतात, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत, त्यांच्या रक्तात ते साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं, कधी थांबवतंही. डायलिसिसवरच्या अनेकांना दिवसभराच्या जेवणात मिळून २००० ते ३००० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितलेली असते. दोन केळी आणि एक शहाळं दिलं, की त्यातला मोठा वाटा प्रेमाच्या भरात संपला. गंमत बघा, १९२४ साली जे केळं औषध ठरलं, तेच इथे जपून खायची वस्तू होतं.

तिसरं: पालेभाजी. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्यांपैकी अनेकांना रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन किंवा तशीच गोळी रोज घ्यावी लागते. ही गोळी ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते. पालक, मेथी, कोथिंबीर यांत हेच जीवनसत्त्व भरपूर असतं. म्हणजे भाजी एकीकडे ओढते, गोळी दुसरीकडे. डॉक्टर तपासण्या करून या दोघांचा तोल बसवतात. म्हणून अशा माणसाला पालेभाजी बंद करायला सांगत नाहीत. रोजचं प्रमाण सारखं ठेवा, एवढंच सांगतात. मग गौरीच्या जेवणाला आपण आग्रहाने भाजी वाढतो, चार दिवस वाढतच राहतो, आणि तो तोल हलतो. झडपेवर गुठळी व्हायचा धोका वाढतो. ज्याने वाढलं त्याला तर वाटतं, पालेभाजीच दिली, त्यात काय?

एका ठिकाणी कण, एका ठिकाणी मात्रा, एका ठिकाणी नुसता बदल. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हे नवीन नाही. इनपुट तेच, फंक्शन तेच, तरी उत्तर वेगळं येतं, कारण आतली स्थिती वेगळी असते. आणि ती स्थिती बाहेरून दिसत नाही. आयुर्वेदाने हे फार आधी ओळखलं. आहाराची मात्रा प्रत्येकाच्या अग्निबळावर ठरते असं चरकसंहिता सांगते. जे अन्न प्राण्यांचा प्राण आहे, तेच चुकीच्या रीतीने घेतलं तर प्राण घेतं, इतकं स्पष्ट त्यात म्हटलंय.

आता मूळ प्रश्नाकडे. माझ्या टीममध्ये एका मुलाला सीलिअ‍ॅक आहे. भाविक मुलगा, घरी रोज पूजा करणारा. पण कुणाकडे सत्यनारायण असला की तो जात नाही. मी कारण विचारलं. म्हणाला, “आजाराचं काही नाही रे, सवय झालीय. पण नको म्हटल्यावर लोकांचा चेहरा बघवत नाही. पाच मिनिटांत मी नास्तिक ठरतो.”

हे ऐकून वाईट वाटलं. आपला आग्रह एका भक्ताला देवाच्या दारापासून लांब ठेवतोय. इथे पणाला लागलंय ते नुसतं पोट नाही.

लोकांच्या मनातली भीतीही मी समजू शकतो. सत्यनारायणाच्या कथेतच आहे ना, प्रसाद न घेतल्याचं फळ! कलावती पतीची नौका आल्याचं ऐकून प्रसाद न घेताच धावली, आणि नौका बुडाली. तुंगध्वज राजाने गोपांनी पुढे ठेवलेला प्रसाद टाकला, आणि सगळं गमावलं. लहानपणापासून ऐकलेलं असतं, त्यामुळे “नको” हा शब्द कानावर पडला तरी पोटात गोळा येतो.

पण कथा नीट ऐकूया. राजाने प्रसाद का टाकला? गर्वामुळे. वडाखाली पूजा करणारे साधे गुराखी, त्यांच्यात मी कशाला जाऊ, अशी ती वृत्ती होती. कलावतीचं काय झालं? घाईत तिला प्रसादाचं भानच राहिलं नाही. कथेतले दोष हे आहेत: दर्प आणि विसर. हात जोडून, मान झुकवून “माझ्या तब्येतीला चालत नाही हो” म्हणणाऱ्या माणसात यातलं काय आहे? त्याला तुंगध्वजाच्या रांगेत बसवणं म्हणजे कथा ऐकली, पण तिचा अर्थ निसटला.

दुसरा युक्तिवाद नेहमी येतो: “श्रद्धा असेल तर प्रसाद बाधत नाही.” हे वाक्य स्वतःपुरतं म्हटलं तर ती ज्याची त्याची निष्ठा. दुसऱ्याच्या ताटाकडे बघून म्हटलं, की त्याचं रूप बदलतं. मग धोका त्याच्या शरीराला आणि श्रद्धेचं श्रेय मला. आणि उद्या त्याला खरंच बाधलं, तर? तर त्याची श्रद्धा कमी पडली! म्हणजे आजारी माणसावर आजाराबरोबर कमी भक्तीचा ठपकाही. मला यात भक्ती दिसत नाही. देवाच्या नावाने दुसऱ्याच्या जिवावर लावलेली पैज दिसते.

“पण आग्रह हे तर आपलं प्रेम आहे. पाहुण्याने नको म्हणायचं आणि आपण वाढायचं, ही रीतच आहे.” हेही खरं आहे. पंक्तीत पहिलं ‘नको’ बऱ्याचदा भिडेपोटीच असतं, आणि आग्रहाने ती भीड मोडते. ही गोड रीत मोडून टाका असं मी म्हणणार नाही. फक्त एवढंच, की भीड मोडायला एकदा विचारणं पुरतं. दुसऱ्यांदा आलेलं ‘नको’ खरं मानायचं, आणि कारण विचारायचं नाही. प्रत्येकाला आपला आजार पंक्तीत सगळ्यांसमोर सांगायचा नसतो.

आता गीतेतले आणखी दोन श्लोक आजच्या वाचनाशेजारी ठेवा.

नवव्या अध्यायात (९.२६) भगवंत म्हणतात, की भक्तीने दिलेलं पान, फूल, फळ, पाणी मी स्वीकारतो. ज्याला एक पान पुरतं, तो माणसाने वाटीभर शिरा संपवला की नाही हे मोजत बसेल?

आणि पंधराव्या अध्यायात (१५.१४) ते सांगतात, की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन अन्न पचवणारा मीच आहे. हा श्लोक मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. नैवेद्य आपण देव्हाऱ्यात ठेवतो, तसाच तो समोरच्याच्या पोटातही ठेवतो, कारण तिथेही तोच बसलाय. मग त्या पोटाला जे सोसत नाही, ते आग्रहाने आत ढकलणं हा कोणाचा मान? खाणाऱ्याला विचारणं म्हणजे त्याच्या आतल्या वैश्वानराला विचारणं. माझ्या मते सात्त्विक वाढणं म्हणतात ते हेच.

म्हणून शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर: नाही. नम्रतेने म्हटलेलं ‘नको’ हा देवाला नकार नाही. देवाने सांभाळायला दिलेल्या देहाची ती काळजी आहे.

करायचं काय, तर अगदी साध्या गोष्टी:

• तुम्हाला पथ्य असेल तर प्रसाद दोन्ही हातांनी घ्या, कपाळाला लावा आणि घरच्या कुणाला द्या. प्रसाद स्वीकारला गेला. (सीलिअ‍ॅक असेल तर नंतर हात धुवा, बस.)

• तुम्ही यजमान असाल तर शिऱ्याच्या शेजारी एक वेगळी वाटी ठेवा: राजगिऱ्याचे लाडू, साळीच्या लाह्या, तुळशीची पानं. प्रत्येकाला काहीतरी घेता येईल. राजगिरा आणि लाह्यांत गहू नसतो. बाहेरून आणलेल्या पाकिटावरची सूचना मात्र वाचा. वेगळा चमचा ठेवायला विसरू नका.

• सोसायटीच्या महाप्रसादात पदार्थांसमोर चिठ्ठी लावा: यात गहू आहे, यात शेंगदाणे आहेत, यात साखर आहे. दहा मिनिटांचं काम आहे.

• औषधं चालू असतील तर उपवास आणि सणाच्या जेवणाबद्दल आधीच डॉक्टरांना विचारून घ्या. मनाने गोळी किंवा भाजी बंद करू नका.

आजचा अभ्यास: दिवसभरात कुणाला काही खायला द्याल, तेव्हा पदार्थाकडे बघायच्या आधी क्षणभर त्या माणसाकडे बघा. तो काय म्हणतोय ते ऐका. मग वाढा.

उद्या पुढचा श्लोक, १७.११: फळाची आशा न ठेवता केलेला यज्ञ. तोवर, जेवताना वैश्वानराची आठवण असू द्या.

राम कृष्ण हरी 🙏