फुरसतीवरचा मुकादम

प्रौढ माणसाने खेळावे की न खेळावे, हा प्रश्न आपल्याकडे जितक्या तावातावाने विचारला जातो तितका तो मुळात वादाचा नाही. कारण ज्या समाजात सोंगट्यांचा पट वाड्यापासून ओसरीपर्यंत मांडला गेला आणि ज्याच्या सावंतवाडीत गंजिफांची पाने आजही हाताने रंगविली जातात, त्याला खेळाचे वावडे होते असे कोणी म्हणू शकणार नाही. वादाचा मुद्दा निराळा आहे. नोकरी आणि संसार या दोहोंचे देणे चुकते केल्यावर माणसाच्या पदरी जी घटकाभर फुरसत उरते, तिच्यावर अंमल त्याचा स्वतःचा की खेळाचा, हे तपासून पाहण्याची वेळ व्हिडिओ गेमने आपल्यावर आणली आहे.

वसईच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या गावांच्या परिसरात जे औद्योगिक गाळे उभे राहिले आहेत, त्यांतून पाळी सुटल्यावर वसई रोड स्टेशनकडे निघालेल्या कोणत्याही शेअर रिक्षात हा प्रश्न मूर्तिमंत बसलेला दिसतो. बोटांच्या पेरांत यंत्राचे तेल अजून मुरलेले असते, मांडीवर रिकामा डबा असतो, आणि आडव्या धरलेल्या मोबाईलवर दोन्ही अंगठे अशा चपळाईने फिरत असतात की दिवसभर यंत्रापाशी उभा राहून थकलेला तो हाच का, अशी शंका यावी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या कामाची मर्यादा आठवड्याला ४८ तास ठरविली; परंतु रिक्षा आणि लोकल यांत जाणारे तास त्या हिशेबात धरलेले नसतात, आणि ते वजा जाता उरलेला वेळ त्याने भजनात घालवावा की मोबाईलमधल्या रणांगणावर, हे ठरविण्याचा अधिकार निर्विवादपणे त्याचाच आहे. शिवाय २०१६ साली जिओ आल्यापासून इंटरनेट इतके स्वस्त झाले की गावी राहिलेला भाऊ आणि दुसऱ्या शहरात गेलेला जुना सोबती रोज रात्री एकाच चमूत भेटू लागले; फोनवर ‘काय, बरं आहे ना?’ याच्या पुढे कधी न सरकणारे दोन पुरुष ‘मागून येतोय, सांभाळ’ असे एकमेकांना बजावीत अर्धा तास मजेत बोलतात. हे सुख क्षुल्लक म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल.

तथापि, जुन्या खेळाला जी बाहेरची वेस होती ती नव्या खेळाला उरलेली नाही. विरार लोकलमध्ये मांड्यांवर आडव्या ठेवलेल्या बॅगेवर पत्ते कुटणारी मंडळी कितीही रंगात आलेली असोत, स्टेशन आले की डाव मोडावाच लागे. बीजीएमआय (पूर्वीचा पबजी) यासारख्या मोबाईलवरच्या खेळात शंभर खेळाडू एकाच वेळी उतरतात, सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो, तो मध्येच थांबवून ठेवण्याची सोय नसते, आणि कोणी उठून गेलाच तर त्याचे साथीदार तोंडघशी पडतात. त्यावर रोज हजर राहण्याचे बक्षीस, ठरावीक मुदतीचा हंगाम आणि मुदतीपूर्वी पुऱ्या करावयाच्या कामगिऱ्या. म्हणजे गाळ्यातल्या मस्टरवर सही करून सुटलेला माणूस घरी येऊन दुसऱ्या मुकादमापुढे हजेरी देतो, आणि या मुकादमाकडून पगार मिळणे दूरच राहिले, उलट त्याच्या हंगामाचा ‘पास’ हवा असेल तर पदरचे पैसे मोजावे लागतात.

‘अहो, ताट वाढलंय.’ ‘आलोच, एवढं संपू दे.’ हा संवाद ज्या घरात रोज होतो, तेथे भांडण वरवर पाहता निवत चाललेल्या आमटीचे असते, परंतु त्याचे मूळ फुरसतीच्या वाटपात असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला २८९ मिनिटे जातात. हे काम करणाऱ्या पुरुषांची ८८. तेव्हा नवऱ्याचा तो अर्धा तास आकाशातून पडत नाही. बहुधा तो बायकोच्या खात्यातून उचललेला असतो, आणि तिची स्वतःची फुरसत कोणत्या हंगामात येते हे विचारण्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

सरकारने आपल्या परीने बंदोबस्त करून पाहिला. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली, पुढल्याच वर्षी तोच खेळ बीजीएमआय या नावाने अवतरला, २०२२ मध्ये तो हटविला गेला आणि २०२३ मध्ये परतला. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. पैशाची लूट कायद्याने रोखता येते, परंतु वाढलेल्या ताटावरून उठणारा वाद मिटविण्यासाठी फर्मान काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद केली, तेव्हा किती तास खेळले म्हणजे विकार, असे परिमाण तिने ठरविले नाही. खेळणे आवरता येते का, इतर कर्तव्यांहून ते वरचढ झाले आहे का, आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहते का, एवढेच तिने पाहिले.

ही कसोटी सामान्य संसारालाही पुरेशी आहे. लहान मूल असलेल्या घरात वाटेल तेव्हा थांबविता येणारा खेळ निवडावा, चमूत खेळावयाचे तर त्याची वेळ घरातल्यांना विचारून नेमावी, आणि जेवढी मोकळीक स्वतःला घेतली तेवढी बायकोला बिनशर्त द्यावी, मग ती त्या वेळात काहीही करो. वालीवच्या कामगाराला हे कोणी शिकवावयास नको. जादा पाळीला कधी होकार द्यावयाचा आणि कधी घरची सबब सांगून ती टाळावयाची, हा हिशेब तो रोजच करीत असतो. तीच सबब त्याने मोबाईलमधल्या मुकादमालाही सांगावी. तेथे तर ती खोटी सांगण्याचीही गरज नाही.