विश्वास कुणाच्या जोखमीवर?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळ्यांचे तरुण संघ सुवार्तेच्या दौऱ्यावर जातात आणि परतले की रविवारच्या उपासनेत साक्षी होतात. बहुतेक साक्षींचा घाट एकच असतो. हातात पैसे नव्हते, गाडी ठरली नव्हती, सगळ्यांनी गुडघे टेकले आणि आदल्या रात्री हवी तेवढी रक्कम कुणीतरी आणून दिली. अशा साक्षी खोट्या असतात, असे मुळीच नाही. पण ज्या कार्यकर्त्याने तीन महिने आधी खर्चाचा अंदाज काढला, वर्गणी जमवली, औषधांची पेटी भरली, त्याला साक्षीला कुणी उभे करत नाही. उशिरा आलेला पैसा देवाचा आणि वेळेवर आलेला माणसाचा, असा समज यातून रुजला आहे. तो उथळ आहे आणि त्याची किंमत बहुधा भलताच कुणी मोजतो.

देवावर विसंबून निघायचे की आधी तयारी करायची? सातारा-सांगली भागात या प्रश्नाची दोन उत्तरे शंभर वर्षांपूर्वीच जगून दाखवली गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी तेथे एकत्र यावे, ही त्यांची आस होती. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्याआधी, १८८९ मध्ये, कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीला आले होते. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली. त्यांच्यामागे मिशनचे बोर्ड होते, अमेरिकेतले देणगीदार होते.

टिळकांचा तो विश्वास आणि वॉन्लेस यांची ती नुसती व्यवस्था, अशी वाटणी करणे सोपे आहे, पण ती टिकत नाही. दोन टोके आधी बाजूला ठेवू. मिशनकार्य म्हणजे परदेशी पैशाचा खेळ, असे मानणाऱ्यांनी टिळकांचे साताऱ्याचे पाऊल पाहावे. विश्वासाने समृद्धी येतेच म्हणणाऱ्यांनी क्रूसाकडे पाहावे. त्यांच्याशी फार वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो प्रामाणिक माणसांशी. मागणे आणि साठवणे हाच अविश्वास, असे ते मनापासून मानतात.

ते नेहमी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचा दाखला देतात. हजारो अनाथ मुले सांभाळताना म्युलरने कुणापुढे हात पसरला नाही, हे खरेच. पण तोच म्युलर दरवर्षी छापील अहवाल काढून पै-पैचा हिशोब देत असे, हे साक्षीत येत नाही. म्युलरच्या वाटेने प्रभावित झालेल्या पंडिता रमाबाईंचेही तसेच. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते. मुदत संपल्यावर काय, याचा विचार करून बाईंनी आधीच केडगावला जमीन घेतली, फळझाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना घेऊन जायला ती जमीन त्यामुळे हाताशी होती. त्या प्रार्थना करत होत्या आणि विहिरीही खणून घेत होत्या. यांपैकी एकच गोष्ट विश्वासाची, असे रमाबाईंना कधी वाटलेले दिसत नाही.

मग शास्त्राचा आधार पुढे येतो. येशूने शिष्यांना थैली, झोळी, जोडे न घेता पाठवले. हा आधार वजनदार आहे, तो झटकून टाकता येणार नाही. पण त्याच लूककृत शुभवर्तमानात, अटकेच्या रात्री, येशू त्या पाठवणीची आठवण करून देतो आणि आता थैली असेल तर घ्या म्हणतो. पौलाने करिंथात तंबू शिवले. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली आणि कारभाराला कुणी बोल लावू नये म्हणून ती न्यायला सोबत माणसे ठेवली. स्पेनच्या प्रवासाला हातभार लावाल, ही अपेक्षा त्याने रोमकरांना उघडपणे कळवली. हा अविश्वास असेल, तर मग विश्वासू माणूस शोधायचा कुठे?

एज्राची गोष्ट अधिक बोलकी आहे. बाबेलहून यरुशलेमेला निघताना राजाकडे स्वार मागायची त्याला लाज वाटली, कारण देव सांभाळील असे तो राजाला सांगून बसला होता. त्याच राजाच्या काळात नहेम्या मात्र स्वार, सरदार आणि लाकडासाठी पत्रे घेऊन गेला. शास्त्र दोघांनाही दोष देत नाही. आणि स्वार नाकारणाऱ्या एज्राने मंदिरासाठी आलेले सोने-रुपे निघताना तोलून याजकांच्या हवाली केले, पोहोचल्यावर पुन्हा तोलून घेतले. स्वतःच्या जिवाच्या बाबतीत तो देवावर विसंबला. दुसऱ्याच्या ठेवीच्या बाबतीत त्याने तराजू काढला.

सगळी मेख इथे आहे. विश्वास स्वतःच्या जोखमीवर टाकायचा असतो. दुसऱ्याच्या जोखमीवर टाकलेला विश्वास हा त्याच्यावर लादलेला भार होतो. टिळकांनी सोडला तो स्वतःचा पगार. वॉन्लेस यांच्यासारख्या वैद्याच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र दुसऱ्याचा जीव असतो. तेथे क्लोरोफॉर्म आणि उकळलेली हत्यारे आधीच तयार हवीत. कृष्णेच्या २०१९ च्या महापुरासारख्या वेळी मदतीची तुकडी देव पुरवील म्हणून रिकाम्या हाताने सांगलीत उतरली, तर ती पूरग्रस्ताच्याच पिठात वाटेकरी होते. पुरवठा झाला, असे तिला वाटते खरे, पण तो कुणाच्या डब्यातून झाला?

हा निकष टिळकांनाही लावावा लागतो. पगार त्यांचा होता, पण घर दोघांचे होते. त्यांच्या उदारपणाचा भार कुणी वाहिला, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला वेगळे सांगायला नको. एज्राबरोबरही मुलेबाळे होती, पण निघण्याआधी त्याने अहवा नदीकाठी सगळ्यांचाच उपास जाहीर केला. धोका त्याच्या एकट्याच्या मनात राहिला नाही. टिळकांच्या त्यागाबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हा फरक नोंदवावाच लागतो.

दौऱ्याच्या तयारीला बसलेल्या तरुण संघाने म्हणून वहीत दोन रकाने आखावेत. आपले जेवण, आपली झोपायची सोय, आपला थकवा हे खुशाल देवावर सोडावे. गाडीवाल्याचे भाडे, आजाऱ्याची औषधे, सोबतच्या मुलामुलींची सुरक्षा आणि यजमान घराला लागणारा शिधा हे निघण्याआधी हातात असावे. ज्यांच्या घरची कमाई दौऱ्यामुळे बुडणार आहे, त्या घरातल्यांना पाळकांनी आधी भेटून विचारावे आणि त्यांचा नकारही ऐकून घ्यावा. दुसरा रकाना भरला नसेल, तर तारीख पुढे ढकलावी आणि त्याचे कारण मंडळीला स्पष्ट सांगावे.